दारं दोन, राखणदार एक

आमचे सर कुठल्याही इमारतीत दोनदा शिरायचे. एकदा पुढच्या दारानं, एकदा मागच्या. काम एकाच टेबलावर असायचं आणि ते पहिल्याच फेरीत होऊन जायचं. दुसरी फेरी केवळ हौसेची.

लातूरच्या एका सरकारी कचेरीत मी त्यांच्याबरोबर एकदा गेले होते. पुढच्या फाटकावरच्या शिपायानं आमच्या पिशव्या उघडून बघितल्या, सरांना डब्याचं झाकणसुद्धा काढायला लावलं. सर खूश झाले. काम उरकून बाहेर आलो तर म्हणाले, "आता मागून जाऊ." मागच्या फाटकावरचा माणूस पेपर वाचत बसला होता, त्यानं मानही वर केली नाही. सर तिथून आत शिरले, अख्खी इमारत ओलांडून पुन्हा पुढच्या फाटकावर आले आणि त्या शिपायाला म्हणाले, "मामा, तुम्ही सकाळपासून एवढी मेहनत करून राहिलाव, अन् मागं तो माणूस बसल्या बसल्या सगळी फुकट घालवायलाय. एकतर त्याला उठवा, न्हाईतर तुम्ही बी पेपर वाचा." शिपायाला राग आला. त्यानं आम्हा दोघांना बाहेर काढलं, तेही पुढच्याच दारानं.

लग्नात गेले तरी हेच. बायकांच्या पंगतीकडचं वरण आणि पुरुषांकडचं वरण दोन्ही वाटीत घेऊन बघायचे. "एकाच पातेल्यातलं हाय म्हणतेत, पण मीठ सारखं न्हाई," असं यजमानाला सांगून यायचे. ऑफिसात चहाचे दोन थर्मास होते, एक साहेबांच्या केबिनमधला आणि एक आमचा. रोज सकाळी सर दोन्हीतला घोटभर चहा घ्यायचे. साहेबांच्या थर्मासमध्ये वेलदोडा सापडला त्या दिवशी त्यांनी तो मामला मीटिंगमध्ये काढला, आणि तेव्हापासून आम्हालाही वेलदोडा मिळायला लागला. म्हणून त्यांच्या या खोडीला आम्ही हसायचो, पण ती मोडावी असं कुणाला वाटायचं नाही.

सर मूळचे नांदेडचे. घर तिकडंच, काकूही तिकडंच. सोमवारी लातूरला यायचे, खोलीवर राहायचे, शनिवारी परत जायचे. आधी कुठल्याशा पॉलिटेक्निकात शिकवत होते, ते सोडून आमच्या कंपनीत आले. त्यांच्या माणसांची नावं लक्षात राहत नसत, की राहत असून ते वापरत नसत, कोण जाणे. आम्हा सगळ्यांना ते गावानं हाक मारायचे. मी चाकूरहून रोज बसनं यायचे म्हणून मी "चाकूर". माझ्या शेजारी बसणारा, आमच्यातला सगळ्यांत हुशार मुलगा, तो "नायगाव". "नाव काय, लग्नात बी बदलतं. गाव बदलत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. मी लग्न करून लातूरलाच आले तरी त्यांच्या लेखी मी चाकूरच राहिले.

आमचं ऑफिस एका मेडिकलच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर. आम्ही दवाखान्यांसाठी एक सॉफ्टवेअर बनवतो. डॉक्टर औषध लिहितात आणि आमचा प्रोग्राम पेशंटच्या हातात द्यायची चिठ्ठी छापतो. कोणती गोळी, केव्हा, जेवणाआधी की नंतर. ही चिठ्ठी पेशंटच्या भाषेत निघते. लातुरात मराठी पुरते, पण निलंगा, उदगीर, देगलूरच्या दवाखान्यांत सीमेपलीकडचे लोक येतात, म्हणून कानडी आणि तेलुगूही. नव्या माणसाला सर पहिल्या दिवशी एवढंच सांगायचे, "बँकेच्या प्रोग्राममधली चूक कागदावर ऱ्हाती. आपली चूक माणसाच्या पोटात जाती."

त्यामुळं आमच्याकडं कुणी कोडमध्ये एका अक्षराचा बदल केला तरी तो थेट आत जात नाही. आधी तो दुसऱ्या कुणाला तरी तपासायला पाठवायचा. हे पाठवायचं काम आम्ही काळ्या पडद्यावर एक कमांड टाइप करून करतो. आणि ती कमांड तुमचा बदल पाठवण्याआधी स्वतःच त्याची झडती घेते. गोळीचं नाव यादीत आहे का, वेळ लिहिली आहे का, असे बरेच चेक. एखादा चेक फसला की बदल तिथंच अडतो. ही कमांड सरांनी लिहिलेली. ती इतकी हळू चालायची की टाइप करून खाली जाऊन यावं.

चेकमध्ये अडकणाऱ्या माणसाला शिक्षा होती. त्यानं खालच्या गाड्यावरून सगळ्यांसाठी सुशीला आणायची. मुरमुऱ्यांची, शेंगदाणे घातलेली, वर कोथिंबीर. ही प्रथाही सरांचीच. "चूक पोटात घालायची म्हणतेत ना, मग सगळ्यांच्याच पोटात जाऊ द्या," म्हणायचे. सर स्वतः सगळ्यांत जास्त वेळा अडकायचे आणि कागदाचा पुडा वर धरून, लग्नात हार घेऊन यावं तसे जिन्यातून यायचे. त्या वासानं आम्हाला कळायचं की आज कुणाचंतरी काहीतरी अडलं, आणि अडलं ते बरं झालं.

एकदा साहेबांनी त्यांना विचारलं होतं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक, मनानं चांगले, घाईचे. म्हणाले, "सर, तुम्ही एवढं का जिवाला लावून घेता? घरात कुणाला औषधाचं काही झालं होतं का?" आम्हा सगळ्यांना हाच प्रश्न होता. सरांनी चष्मा काढला. आता काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी खुर्ची वळवून बसले.

"काहीच झालं न्हाई," सर म्हणाले. "घर जळल्यावरच पाणी भरून ठेवायचं असतं का साहेब?"

मग हैदराबादच्या एका कंपनीबरोबर आमची भागीदारी झाली. त्यांची तपासायला पाठवायची पद्धत वेगळी, व्यवस्था वेगळी. ज्यांना दोन्हीकडं काम होतं त्यांना सरांची कमांड चालेना. नायगावनं नवी कमांड लिहिली. ती झकास होती. पळायची, रंगीत अक्षरांत बोलायची. सरांनी तिचं कौतुक केलं आणि एकच अट घातली. चेक एकाच जागी राहतील, आणि दोन्ही कमांडी तिथंच जाऊन विचारतील.

"कमांडी दोन असू द्या, चार असू द्या. दारं कितीबी असली तरी राखणदार एकच पाहिजे. अन् त्याची नक्कल करून दुसऱ्या दारावर उभी करू नका. नक्कल पहिल्या दिवशी हुबेहूब असती. दुसऱ्या दिवशी राखणदाराला नवीन काही सांगावं, तर नक्कल म्हणती, मला कुठं माहीत हाय."

नायगावनं तसंच केलं. पण तसं केल्यावर नवी कमांडही जुनीइतकीच रेंगाळायला लागली. हैदराबादहून रोज विचारणा. शेवटी त्यानं सगळे चेक उचलून आपल्या कमांडच्या पोटात ठेवले, म्हणजे बाहेर विचारायला जायला नको. तात्पुरतं म्हणून ठेवले आणि सांगायचं राहून गेलं. त्यात लबाडी नव्हती. आमच्या धंद्यात तात्पुरत्या गोष्टीच सगळ्यांत जास्त टिकतात.

दरम्यान सरांनी जुन्या जागी एक नवा चेक घातला. गोळी किती वेळा घ्यायची ते मराठी, कानडी आणि तेलुगूत सारखंच छापलं जातंय का, हे बघणारा. तो लिहिताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं, कारण माझं आजोळ भालकीचं आणि मला कानडी येतं. तो चेक त्यांना लेकरासारखा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. जुने चेक आता सगळ्यांच्या अंगवळणी पडले होते, जो अडकायचा तो याच नव्या चेकमध्ये.

पुढं काही आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी, सर आपल्या टेबलावरून उठले आणि मधोमध उभे राहिले.

"नायगाव, तू सुशीला कवा आणली होतीस शेवटची?"

नायगावला आठवेना. नवी कमांड वापरणाऱ्या इतरांना विचारलं, त्यांनाही आठवेना. जुन्या कमांडवाले आम्ही मात्र परवाच आणली होती. साहेब केबिनच्या दारातून हसत म्हणाले, "चांगलंच आहे की सर. पोरं सुधारली."

"माणसं अशी एकदम सुधरत नसतेत साहेब," सर म्हणाले. "दार उघडं हाय कुठंतरी."

नायगाव पांढरा पडला. त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, सर, चेकची नक्कल ठेवली होती. सर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि नव्या कमांडनं आत गेलेले सगळे बदल जुन्या राखणदारापुढून एकेक करून न्यायला सुरुवात केली. बहुतेक सरळ पार झाले. एक अडला.

सांधेदुखीची एक गोळी असते, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर अंगातलं रक्तच मारते, जिवावर बेततं. आमच्या मराठी चिठ्ठीत "आठवड्यातून एकदा" होतं. तेलुगूत तेच होतं. कानडीत कुणीतरी वाक्यांच्या यादीतली शेजारची ओळ उचलली होती, आणि तिथं छापलं जात होतं, रोज एकदा.

सरांनी मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. पुन्हा वाचायला सांगितलं. पुन्हा तेच.

आधी छपाई बंद करून यादी दुरुस्त केली, मग कानडी चिठ्ठ्या जिथं निघतात त्या सगळ्या दवाखान्यांना फोन लावले. बाकी सगळे म्हणाले, अशी चिठ्ठी निघाली नाही. निलंग्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मात्र सांगितलं, त्या गोळीची कानडी चिठ्ठी एकच निघालीय, कालच. सीमेजवळच्या खेड्यातली एक म्हातारी. तिचा दिलेला नंबर लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, एखाद्या गोळीनं काही होत नाही, उद्या माणूस पाठवतो, घाबरू नका.

"उद्या म्हंजी ती आज घेणार, उद्या सकाळी बी घेणार," सर म्हणाले. "चाकूर, चल. तुला कानडी येतंय. नायगाव, साहेबांची गाडी काढ."

साहेबांनी किल्ली हातात दिली. रस्ताभर नायगाव गाडी चालवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. सर मागं बसून डब्यातली भाकरी खात होते. मला त्यांचा त्या वेळी राग आला होता. हा माणूस खातो कसा? मग बघितलं, तर एकच घास ते केव्हापासून चघळत होते.

घर सापडायला वेळ लागला नाही, खेडं लहान होतं. म्हातारी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. बोटं सुजून वाकडी झालेली, तरी फोडत होती. मी कानडीत विचारलं, अज्जी, कालच्या गोळ्या घेतल्या का? तिची सून आतून चिठ्ठी घेऊन आली. तिला कानडी वाचता येत होतं आणि तिनं चिठ्ठी नीट वाचून ठेवली होती. रोज एक. दवाखान्यात तोंडी काय सांगितलं ते मराठीत होतं, ते दोघींनाही धड कळलं नव्हतं.

"काल नाही घेतली," सून म्हणाली. "काल अमावास्या होती. अमावास्येला नवं औषध कोण सुरू करतं? आजपासून देणार होते, जेवण झाल्यावर. मग उद्या, परवा, रोज."

मी सरांना मराठीत सांगितलं. ते ओट्याच्या पायरीवर बसले. नायगाव एकदम हसायला लागला, सुटकेनं. सरांनी त्याच्याकडं बघितलं.

"हसू नको नायगाव. अमावास्या महिन्यातून एकदाच येती. बाकीचे दिवस आपल्याकडं हायेत."

डॉक्टरांना तिथूनच फोन लावून त्यांनी वार ठरवून घेतला. गुरुवार. जुनी चिठ्ठी त्यांनी खिशात घातली, नवी माझ्याकडून कानडीत, खाली ऑफिसचा नंबर घालून, लिहून घेतली आणि सुनेकडून मोठ्यानं वाचून घेतली. मग म्हातारीच्या पाया पडले. ती गोंधळून गेली. कोण डॉक्टर आहेत का हे, म्हणून तिनं मला विचारलं. चिठ्ठी छापणारे आहेत, मी म्हटलं. एवढ्यासाठी लातूरहून आलात, असं म्हणून तिनं आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. सर दोनदा वाढून घेऊन जेवले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नायगावला काढून टाकायचं ठरवलं होतं. सर केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू आलं. "ह्याला काढलाव तर जो नवा येईल त्याला बी कामाची घाईच असणार हाय. तो बी नक्कलच करील. नक्कल काढा साहेब, माणूस ऱ्हाऊ द्या. अन् कमांड हळू हाय ही माझी चूक. पोरगं पळवाट काढणारच." त्या महिन्यात सर आणि नायगाव एका टेबलावर बसले आणि दोघांनी मिळून चेक इतके चपळ केले की नक्कल करायचं कारणच उरलं नाही. आता कुठल्याही कमांडनं या, झडती तीच, तितकीच. मीही मुद्दाम दोन्हीकडून पाठवून बघते. खोड लागली.

सरांनी त्या म्हातारीचा नाद मात्र सोडला नाही. दर गुरुवारी सकाळी ते सुनेच्या फोनवर फोन लावायचे. माझ्याकडून एक कानडी वाक्य त्यांनी घोकून घेतलं होतं. "अज्जी, इवत्त गुळिगी तगोरी. नाळी ब्याड." अज्जी, आज गोळी घ्या, उद्या नको. उच्चार इतके वाईट की पहिल्यांदा ऐकून मी टेबलाखाली तोंड लपवलं. पलीकडून म्हातारी काहीतरी लांबलचक बोलायची, सरांना त्यातलं अक्षर कळायचं नाही, तरी ते हूं हूं करत सगळं ऐकून घ्यायचे आणि फोन ठेवायचे. लई शहाणी बाई हाय, म्हणायचे. काय म्हणाली, विचारलं की गप्प.

मग एका आठवड्यात सर आले नाहीत. सोमवारी निरोप आला होता की काम आहे, रजा घेतो. आम्ही म्हटलं, घेऊ दे, बिचारे कधी घेत नाहीत. कुणाच्या मनात काही आलं नाही. शुक्रवारी सकाळी ऑफिसचा फोन वाजला, मी उचलला. म्हातारी होती. तिनं चिठ्ठीवरचा आमचा नंबर सुनेकडून लावून घेतला होता.

"सर फोन माडलिल्ल," ती म्हणाली. "आराम अदारेनु?"

सरांनी फोन केला नाही, बरे आहेत ना? मी म्हटलं रजेवर आहेत, आणि मला एकदम गोळीची आठवण झाली. अज्जी, काल गोळी घेतली का? घेतली की, ती म्हणाली. मला गुरुवार कळत नाही का? आमच्या गावचा बाजारच गुरुवारी असतो. मी फोनची वाट बघते ती त्यांची खुशाली कळावी म्हणून. ते गेल्या खेपेला धापा टाकत बोलत होते. आतापर्यंत एक गुरुवार चुकला नाही. जरा बघून ये त्यांना.

आम्ही नांदेडला काकूंना फोन लावला तेव्हा कळलं. सर बुधवारपासून दवाखान्यात होते, हृदयाचं दुखणं, ऑपरेशन व्हायचं होतं. ऑफिसात कुणाला सांगू नका, कामाचा खोळंबा होईल, असं त्यांनी बजावलं होतं. साहेबांनी गाडी काढली, नायगाव आणि मी मागं बसलो. ऑपरेशनला रक्त द्यायला, पळापळ करायला काकूंजवळ त्या दिवशी कुणीच नव्हतं. ते सगळं साहेबांनी आणि नायगावनं केलं. मी काकूंचा हात धरून बसले होते.

सर वाचले. घरी आल्यावर आम्ही भेटायला गेलो तेव्हा अशक्त होते, पण दोन्ही कपांतला चहा चाखून बघण्याइतके बरे होते. नायगावनं त्यांच्यासाठी एक भेट तयार करून नेली होती. त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. आठवड्याच्या गोळीवाल्या प्रत्येक पेशंटला ठरलेल्या वारी आपोआप फोन जाणार, स्वच्छ कानडीत, तेलुगूत, मराठीत. त्यानं लॅपटॉपवर सगळं दाखवलं. सरांनी बारकाईनं बघितलं, दोन्हीकडून चालवून बघितलं, चेक कुठून येतात ते विचारलं. हाव सर, एकाच जागेवरून, नायगाव म्हणाला.

"झ्याक केलास," सर म्हणाले. "सगळ्यांना लाव. निलंग्याच्या अज्जीला तेवढं लावू नको."

"का सर? तुम्हाला आता त्रास नको. एक गुरुवार चुकायचा न्हाई."

"म्हनूनच," सर म्हणाले. काकूंनी त्यांच्या पाठीला उशी लावली, ते जरा सावरून बसले. "मशीनचा फोन बरोबर वेळेवर गेला असता. मग मी पडलोय हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं?"